स्वखुशीने

पांढरी मोटार दवाखान्याच्या दारात उभी आहे. पेशंट आत जाऊ शकत नाही.

मंडपवाले नारायण किणी यांचे नाव राहिले.

मागे काही ऐकू येत नाही. पंखे बंद करा.

पंखे बंद करू नयेत. – महिला विभाग

चहा पन्नासच कप उरला आहे. मंत्र्यांबरोबरची माणसे किती?

रांगोळीवाल्या प्रमिलाताईंचे आडनाव चुकले. वर्तक नाही, राऊत.

एक चप्पल सापडली आहे. डावी.

आवरा.

या आठ चिठ्ठ्या माझ्या हातात होत्या तेव्हा संध्याकाळचे सात वाजायला आले होते आणि मी माइकसमोर उभी होते. बोळसई पूर्वच्या सार्वजनिक वाचनालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं होतं. मंत्री बोलून झाले होते. अध्यक्ष डॉक्टर मोघे दोनदा बोलून झाले होते. उरले होते फक्त आभार, आणि आभार म्हणजे मी. ती एका शब्दाची चिठ्ठी डॉक्टरांची होती. औषधं लिहितात तशीच लिहिलेली, पण सहा वर्षांत मला त्यांचं अक्षर लागायला लागलं होतं.

आभार ही आमच्याकडे नव्या माणसाला किंवा बाईला द्यायची गोष्ट. मी दोन्ही होते. समितीत अकरा पुरुष होते, ‘एखादी तरी महिला हवी’ म्हणून शाळेतली एक शिक्षिका शोधली गेली आणि मी, मेधा टिपणीस, वयाच्या पंचविसाव्या वर्षी सहकार्यवाह झाले. तेव्हापासून व्याख्यानमाला असो की कोजागिरी, शेवटची पाच मिनिटं माझी. पद्धत अशी होती: नाव घ्यायचं, तो माणूस प्रेक्षकांतून उठून वर येणार, पाहुण्यांच्या हातून गुलाबाचं फूल घेणार, फोटो काढून घेणार, खाली जाणार. नाव राहिलं तर वर्षभर अबोला. त्यामुळे कार्यक्रम चालू असतानाच चिठ्ठ्या सुरू होत. वाचनालयाचा शिपाई शांताराम रांगांमधून वाकून फिरायचा, त्या गोळा करायचा आणि माझ्यासमोर टेबलाच्या कडेला ठेवायचा. मी एकेक उचलायची आणि थेट माइकमध्ये वाचायची. आधी डोळ्यांखालून घालायला वेळच नसे. लोक तोवर चपला शोधायला लागलेले असत.

त्या दिवशी मात्र माझ्याकडे कोणत्याही चिठ्ठीवर नसलेलं एक वाक्य होतं. ते मी पाठ केलं होतं आणि अगदी शेवटी म्हणायचं म्हणून राखून ठेवलं होतं.

*

दोन दिवस आधीचा शुक्रवार.

“वाघ असलेलं काही आहे का गो?”

“सगळे वाघ वाचून झाले तुमचे, काकू.”

“मग बिबट्या दे.”

जानकीकाकू चुरी सत्तरीच्या होत्या. खाली गावात, चुरींच्या मोठ्या घराच्या मागच्या खोलीत राहायच्या आणि मंगळवार-शुक्रवार पुस्तक बदलायला यायच्या. शिकारकथांशिवाय काही वाचायच्या नाहीत. काउंटरवर मी असले की पुस्तक घेऊनही रेंगाळायच्या. त्या दिवशी कार्डावर शिक्का मारून झाला तरी हलेनात.

“रविवारी आभार तूच करणार ना?”

“दुसरं कोण करणार?”

“मग माझं एक काम कर. माझं नाव घे. शाल नको, नारळ नको. एवढंच सांग, की जागा दिली. फसले नाही.”

वाचनालयाला जागा त्यांनी दिली होती, हे मला ऐकून माहीत होतं. समितीतल्या सगळ्यांनाच माहीत होतं, पण बोलत कोणी नसे. त्यांचे यजमान दामोदर चुरी लवकर गेले. काकूंच्या वाट्याला जी जमीन आली, त्यातला स्टेशनच्या बाजूचा सात गुंठ्यांचा तुकडा त्यांनी एकोणसाठ साली वाचनालयाला देऊन टाकला. तेव्हा वाचनालय म्हणजे शाळेच्या व्हरांड्यातलं एक कपाट होतं आणि ते चालवणारे म्हणजे बाहेरून येऊन चाळीत राहिलेले चार कारकून. पुढे स्टेशनभोवती इमारती उठल्या, त्या तुकड्याकडे लोक वळून बघायला लागले आणि चुरींच्या घरात एक वाक्य तयार झालं: काकूला शहरवाल्यांनी फसवलं. काकूंचा पुतण्या मोरेश्वर ते वाक्य इतकी वर्षं म्हणत होता की गावात लहान मुलांनाही ते पाठ होतं.

“बोलू देत हो काकू,” मी म्हटलं. “लोकांचं काय मनावर घेता.”

त्यांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं.

“तुला वाटतं तसं नाही ते. एकदा बाई फसली म्हटलं की मग तिला कोणी काही विचारत नाही. नातीचं लग्न ठरलं, मला पत्रिका छापून आल्यावर कळलं. मागची विहीर बुजवली, मी दुपारी आडवी झाले होते तेवढ्यात. माझ्या खोलीचा उंबरा काढला. का काढलास विचारलं तर मोरू म्हणतो, काकूला काय विचारायचं, तिने शहरवाल्यांना अंगठा दिला. अंगठा! चौथी पास आहे मी. सही केलीय मी त्या कागदावर. चांगली झोकदार.”

“घेईन मी नाव,” मी म्हटलं. “शब्द देते.”

“शब्द नको देऊ. नाव घे.”

*

शनिवारी समितीची बैठक डॉक्टर मोघ्यांच्या दवाखान्यात झाली. पेशंटांचे बाक आम्हाला, तपासायची खुर्ची डॉक्टरांना. गळ्यातली नळी त्यांनी बैठकीतही काढली नाही. आभाराची यादी वाचताना मी काकूंचं नाव वाचलं.

डॉक्टर म्हणाले, “हे काय?”

“जागा त्यांनी दिलीय.”

“बक्षीसपत्र कुठे आहे?”

“कागद आहे. कपाटात आहे, मी पाहिलाय.”

“साधा कागद. नोंदणी नाही. साक्षीदार दोघे, दोघेही वर.” ते पुढे झुकले. “मेधाताई, तुम्ही शिकवता, तुम्हाला मी काय शिकवणार? उद्या माइकवरून आपण म्हटलं की जागा जानकीबाईंची, की सोमवारी मोरेश्वर वकिलाकडे. काकूची जागा म्हणजे आमच्या घराची. आणि काकूला फसवलं हे तो आधीच गावभर सांगतोय. मंत्र्यांसमोर आपण आपल्या हाताने त्याला पुरावा द्यायचा?”

“म्हणजे खरं काय ते कधीच सांगायचं नाही?”

“सांगायचं ना. वेळ आली की.”

“त्या सत्तर वर्षांच्या आहेत, डॉक्टर. त्यांचं ब्लडप्रेशर तुम्हीच बघता.”

“एकशे सत्तर-शंभर,” डॉक्टर म्हणाले. “म्हणूनच म्हणतो, उगाच दगदग नको त्यांना.”

कार्यवाह राजाध्यक्ष इतका वेळ इतिवृत्त लिहीत होते. त्यांनी मान वर केली. ते कधी कोणाशी भांडत नसत, त्यामुळे त्यांच्याशी भांडणं फार अवघड जायचं.

“ज्ञात-अज्ञात म्हणा ना. ‘ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी ही वास्तू उभी राहिली’. त्यात त्या येतातच.”

“त्या अज्ञात आहेत?”

“मग ज्ञातमध्ये धरा.”

कोणीतरी हसलं. राजाध्यक्षांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, “आभाराच्या भाषणात जागेविषयी कोणताही उल्लेख करू नये. एकमताने मंजूर.”

“एकमताने कसं? मी विरोध केलाय.”

“तुमचा विरोध आम्ही ऐकून घेतलाय, ताई. आता एकमताने लिहायला हरकत नसावी.”

मी यादीतून नाव खोडलं. त्यांच्यासमोर खोडलं, म्हणजे त्यांना दिसेल असं. घरी जाऊन ते वाक्य कागदावर लिहिलं, आरशासमोर म्हटलं आणि कागद फाडून टाकला.

ही जागा १९५९ साली श्रीमती जानकीबाई दामोदर चुरी यांनी स्वतःच्या मर्जीने दिली, त्यांना कोणीही फसवलेलं नाही.

घड्याळ लावून पाहिलं. नऊ सेकंद.

*

रविवारी सकाळी काकूंना सांगायला गेले. ओटीवर मोरेश्वर चुरी बसले होते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पन्नाशीचे, आवाज मोठा.

“या टिपणीसबाई. संध्याकाळी हार किती आहेत?”

“मोजले नाहीत.”

“आम्हाला पत्रिका आली. मागच्या रांगेची आली. जागा आमची आणि आम्ही मागच्या रांगेत! चालायचंच.” मग आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, “काकू! तुझी शहरवाली आलीय. कुठे सही-बिही करायची असेल तर आधी मला दाखव हां.”

घरात कोणीतरी खुदकन हसलं. मला वाटलं तिथल्या तिथे ते नऊ सेकंदांचं वाक्य यांच्या तोंडावर म्हणावं. म्हटलं नाही. संध्याकाळी माइक असणार होता.

काकू मागच्या खोलीत सूप घेऊन सुकट निवडत बसल्या होत्या. खोलीला खरंच उंबरा नव्हता, नुसती सिमेंटची पट्टी होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. बैठक, कागद, ज्ञात-अज्ञात, एकमत.

“पण मी म्हणणार आहे,” मी म्हटलं. “ठराव गेला खड्ड्यात.”

“तुला काढतील.”

“काढू देत.”

“मग मला पुस्तकं कोण देईल?”

“काकू, मी गंमत करत नाही.”

“मी तरी कुठे करतेय.” त्या निवडत राहिल्या. डोकी एका बाजूला, सुकट एका बाजूला. मग म्हणाल्या, “डॉक्टरचं म्हणणं काय मग, माझं नाव घेतलं की मोरू कोर्टात जाईल?”

“असं म्हणतात.”

“जाईलही. खोटं नाही ते.” आणखी थोडी सुकट. “तुमच्याकडे फूल देतात ते कोणाला देतात गो?”

“ज्याचं नाव घेतलं त्याला.”

“तो वर येतोच?”

“धावत येतात, काकू.”

“काही बोलावं लागतं का त्याला?”

“नाही हो. फूल घ्यायचं, नमस्कार करायचा, फोटो.”

“फोटो पेपरात येतो.”

“‘बोळसई समाचार’मध्ये येतो. खाली नावासकट. सगळ्यांचाच येतो.”

“हं.”

मला वाटलं, वर जायला लाजताहेत. मी म्हटलं, “मी स्वतः खाली येऊन तुम्हाला हाताला धरून नेईन.”

“मला कशाला नेतेस? गुडघे बघ माझे,” त्या म्हणाल्या आणि सूप पाखडायला उठल्या.

*

संध्याकाळी त्या तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर होत्या. नऊवारी, डोक्यावरून पदर, मांडीवर कापडी पिशवी. मोरेश्वर मागच्या रांगेत होते, पण बसले नव्हते. खुर्ची रिकामी ठेवून तिच्यामागे हाताची घडी घालून उभे होते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं की यांना मागे बसवलंय.

मी आभार सुरू केले. मंत्री, जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिनिधी, मंडपवाले किणी, माइकवाले, रांगोळीच्या राऊत. प्रत्येक नावाला कोणीतरी उठायचं, पायऱ्यांवर अडखळायचं, फूल घ्यायचं. मंत्री एका हाताने फुलं देत होते आणि दुसऱ्या हाताने घड्याळ चाचपत होते. त्यांचा स्वीय सहायक मला पडद्याआडून दोन बोटं दाखवत होता. मग एक बोट.

आठही चिठ्ठ्या संपल्या. चपलेचीसुद्धा वाचली.

आता ते वाक्य. मी श्वास घेतला. तिसऱ्या रांगेत पाहिलं. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या, पिशवीचा बंद नीट करत होत्या.

शांताराम वाकला आणि टेबलाच्या कडेला नववी चिठ्ठी ठेवून गेला.

मी ती का उचलली, याचं उत्तर मी बत्तीस-तेहतीस वर्षं देते आहे. उचलली कारण ती तिथे होती. सहा वर्षं जे टेबलावर येई ते मी उचलत होते. हात गेला, डोळा गेला आणि आवाज आपोआप सुरू झाला:

“या वाचनालयास जागा स्वखुशीने देणारे चुरी कुटुंब. त्यांच्या वतीने श्री. मोरेश्वर पांडुरंग चुरी यांनी वर येऊन फूल स्वीकारावे.”

‘स्वखुशीने’ म्हणतानाच माझ्या लक्षात आलं होतं. पण जीभ थांबली नाही. वाक्याच्या मधे थांबायची तिला सवयच नव्हती.

मग डॉक्टर मोघ्यांनी टाळी वाजवली. सगळ्यांत आधी, सगळ्यांत जोरात. त्यांची टाळी ऐकून सगळा मंडप वाजवायला लागला. मागे माना वळल्या.

“मोरूशेठ, अहो तुम्हाला बोलवतायत!”

“जा ना शेठ! मंत्री थांबलेत!”

मोरेश्वरांनी हाताची घडी सोडली. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली गोष्ट दिसली: त्यांना काय करावं ते कळत नव्हतं. एक पाऊल टाकलं, थांबले. पण मंत्री गुलाब पुढे करून उभे होते आणि सगळं गाव बघत होतं. शर्टाचं वरचं बटण लावत ते पुढे आले. फूल घेतलं. डॉक्टरांनी कुठूनशी एक जादा शाल आणली आणि मंत्र्यांकरवी मोरेश्वरांच्या खांद्यावर घातली.

“शेठ, इकडे बघा,” फोटोग्राफर म्हणाला. “हां. अजून एक.”

मी पुन्हा माइककडे वळले. “आणि सर्वांत शेवटी, ज्यांनी खरोखर–”

माइक जागेवर नव्हता. राजाध्यक्षांनी तो अतिशय नम्रपणे काढून घेतला होता. “सर्वांनी राष्ट्रगीतासाठी उभे राहावे,” ते म्हणाले.

चारशे खुर्च्या एकदम मागे सरकल्या. मी सावधान उभी राहिले, तोंडात नऊ सेकंदांचं वाक्य धरून. बावन्न सेकंद.

काकू खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. ताठ.

*

मंडपामागे डॉक्टरांना गाठलं.

“चिठ्ठी तुमची होती.”

“कसली चिठ्ठी?”

“खोटं बोलू नका. टाळी पहिली तुम्ही वाजवलीत.”

“टाळी वाजवली कारण डोकं चालवलं. त्याने फूल घेतलं, शाल घेतली, ‘स्वखुशीने’ ऐकून घेतलं. आता तो कोर्टात काय सांगणार?” मग गंभीर होऊन म्हणाले, “पण चिठ्ठी माझी नाही हो. मी तर तुम्हाला ‘आवरा’ म्हटलं होतं. ज्याची असेल तो हुशार माणूस आहे.”

मला ते पटलं नाही. शांतारामला विचारलं. तो म्हणाला, “ताई, सगळे हात पुढे करतात, मी तोंडं कुठे बघत बसू?”

जिने ‘फसले नाही’ एवढंच सांगायला सांगितलं होतं, तिच्यासमोर तिला फसवली म्हणणाऱ्या माणसाला मी जागेचा दाता म्हणून वर बोलावलं होतं. माझ्या आवाजात. सोमवारी राजीनामा दिला. तो त्याच दिवशीच्या बैठकीत एकमताने मंजूर झाला, आणि या वेळी ते खरंच एकमत होतं.

काकूंकडे जायला मला तीन आठवडे लागले.

ओटीवर गेले तर काकू ओटीवरच बसल्या होत्या. मोरेश्वरांच्या खुर्चीत. अंगणात एक माणूस चिंचेच्या झाडाला हात लावून उभा होता आणि मोरेश्वर त्याच्याशी बोलत होते. मला पाहून त्यांनी मान वळवली. मग तिथूनच, थोडं पडेल आवाजात विचारलं, “काकू, चिंच द्यायची का? हा तोडून नेतो म्हणतोय.”

“नाही,” काकू म्हणाल्या.

“नाही म्हणतेय,” मोरेश्वर त्या माणसाला म्हणाले.

मी सगळं धडाधडा बोलून टाकलं. की मी न बघता वाचलं, की ती डॉक्टरांची खेळी होती, की मला माफ करा. काकूंनी मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, “डॉक्टरची कशाने? माझी.”

“काय तुमची?”

“चिठ्ठी. घरून लिहून आणली होती. पिशवीत होती. तुझे कागद संपले तसा शांतारामला हात केला.”

“पेपर आला त्या दिवशी मीच वाचून दाखवला,” त्या म्हणाल्या. “इथेच, सगळी बसली होती. फोटोखाली छापलं होतं, ‘जागा स्वखुशीने देणारे’. मी म्हटलं, मोरू, तू स्वखुशीने दिलीस? कधी रे? एकोणसाठ साली तू मॅट्रिक नापास होऊन याच ओटीवर लोळत होतास. आता तो काय बोलणार? दिली नाही म्हणावं तर फूल घेतलंय. फसवली म्हणावं तर शाल आत खुंटीवर आहे.”

“तो कबूल झाला?”

“कबूल कशाला होतोय. गप्प झाला. मला तेवढं पुरतं.”

“मग मला सकाळीच सांगायचं होतंत ना! मी तुमच्याजवळ बसले होते.”

“तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. आणि तू वाचली नसतीस. तुला माझं नाव घ्यायचं होतं.”

“तुम्हीच सांगितलं होतंत, नाव घे!”

“शुक्रवारी सांगितलं. रविवारी तू ठराव घेऊन आलीस.”

मला रडू यायला हवं होतं किंवा हसू. राग आला. तीन आठवडे मी झोपले नव्हते. शाळेत मुलांना उगाच मारलं होतं. आणि या बाईने मला माइकसारखं वापरलं होतं.

“आणि नाव?” मी म्हटलं. “तुमचं नाव राहिलंच की.”

“राहिलं,” काकू म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, “हो. ते राहिलं.” मग माझ्या रिकाम्या हातांकडे बघून, “पुस्तक नाही आणलंस?”

“मी राजीनामा दिलाय, काकू.”

“हे काय केलंस मग?” त्या खरोखरच चिडल्या. “कोणाला विचारून?”

*

मे महिन्यात वाचनालयाच्या दारात संगमरवरी फलक बसला. *भूमिदाते: श्री. मोरेश्वर पांडुरंग चुरी व कुटुंबीय.* काकू मंगळवार-शुक्रवार त्याच्याखालून आत जायच्या. शहाण्णव साली त्या गेल्या. त्यांच्या अंत्ययात्रेत मोरेश्वर सगळ्यांना सांगत होते, काकूला विचारल्याशिवाय घरात पान हलत नव्हतं.

फलक बदला म्हणून मी समितीला तीन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं: आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. दुसऱ्याला तेच आलं, सही वेगळी. डॉक्टर मोघे गेले, राजाध्यक्ष मुलाकडे पुण्याला गेले, तो साधा कागद नव्या इमारतीत कपाटं हलवताना कुठे गेला ते कोणालाच सांगता येईना. तिसरं पत्र मी २००८ साली दिलं, सात पानी, सगळी हकिगत लिहून. नवे कार्यवाह तिशीतले होते. ते मन लावून वाचतील असं वाटलं होतं. त्यांनी खरंच मन लावून वाचलं, जुनी इतिवृत्तं काढली, ‘बोळसई समाचार’चा तो अंक काढला आणि दोन महिन्यांनी उत्तर दिलं.

*महोदया, आपल्या भावनांचा समिती आदर करते. तथापि उपलब्ध नोंदींमध्ये श्रीमती जानकीबाई चुरी यांनी जागा दिल्याचा कोणताही पुरावा आढळत नाही. दि. २० जानेवारी १९९१ रोजी, मा. मंत्रिमहोदयांच्या उपस्थितीत, सदर जागा श्री. मोरेश्वर चुरी व कुटुंबीय यांनी स्वखुशीने दिल्याचे आपणच जाहीर केले होते. सबब फलकात बदल करता येत नाही.*

मी चौथं पत्र लिहायला घेतलं होतं. त्यात पुरावा म्हणून काय जोडायचं ते सुचलं नाही.

एकोणसाठच्या मार्गशीर्षात त्या सात गुंठ्यांवर पानवेली होत्या. उभा मळा देता येणार नाही, असं चुरींच्या घरातली माणसं म्हणाली. तेव्हा जागा मोकळी करायला जानकीबाईंनी त्या वेली एकटीने उपटल्या. तीन दिवस लागले.